डायलअप २६.४ वर अडकलंय. कमी खर्चात वेग कसा वाढवायचा?

पांढरंसोनं | ५ जुलै २००८, रात्री १०:४०
गाव घाटंजी तालुक्यात, एक्सचेंजपासून केबल साधारण पाच किलोमीटर. पेंटियम ३, २५६ रॅम, एक्सपी, आतला पीसीआय मोडेम, कोनेक्झंटची चिप. डायलअपसाठी १७२२२२ नंबर लावतो. घड्याळाशेजारच्या चित्रावर माऊस नेला की कायम २६.४ केबीपीएस. ना कधी जास्त, ना कधी कमी. वर मधूनमधून आठ-दहा सेकंद सगळं गोठतं आणि आपोआप पुन्हा सुरू होतं.

काम म्हणजे बाजारभाव, विद्यापीठाचे निकाल, अर्जांच्या पीडीएफ, ईमेल आणि आपलं हे स्थळ. ब्रॉडबँड इकडे नाही. खर्चाची तयारी पाचशे रुपये. एके ठिकाणी 'रजिस्ट्री बदला आणि २० टक्के वेग परत मिळवा' असं वाचलं. खरं का?

ठेचाभाकर | रात्री १०:५२
राजेहो, वेग पायजे असन तं पेनड्राइव खिशात टाका अन् यष्टीनं यवतमाळले जा. ५१२ एमबी दोन घंट्यात घरी. डायलअपले बापजन्मी जमनार नाई.

फुकटफौजदार | रात्री ११:०५
२० टक्केवालं खरं आहे. रनमध्ये जीपीएडिट उघडा, नेटवर्कखाली क्यूओएस पॅकेट शेड्यूलर, तिथे 'लिमिट रिझर्व्हेबल बँडविड्थ' शून्य करा. मायक्रोसॉफ्ट आपल्या वाट्याचं चोरून बसलेलं असतं.

बाइटभर | रात्री ११:२०
फौजदार, ही अफवा एक्सपीइतकीच जुनी आहे. एखादा प्रोग्राम क्यूओएसची (स्वतःसाठी राखीव वेगाची) मागणी करेल तेव्हाच ते २० टक्के त्याच्यासाठी बाजूला काढले जातात. कोणी मागितलं नाही तर सगळी लाइन सगळ्यांना मोकळी असते, आणि ब्राउझर किंवा मेलवाला प्रोग्राम असं काही मागत नाही. शून्य केलं काय न् वीस ठेवलं काय, फरक शून्य. शिवाय एक्सपी होममध्ये जीपीएडिट नसतंच. 'अ‍ॅक्सिलरेटर' म्हणून सीडीवर मिळणारी बहुतेक सॉफ्टवेअरंही याच माळेतली.

ठेचाभाऊंचा हिशोब मात्र करून पाहिला. ५१२ एमबी भागिले दोन तास म्हणजे सेकंदाला ७३ केबी. २६.४ च्या लाइनवर सेकंदाला ३.१ केबी हाती येतात, कारण २६४०० बिट भागिले ८ म्हणजे ३३०० बाइट आणि थोडं पॅकेटच्या वेष्टणात जातं. एसटी तेवीस पट वेगवान आहे.

ठेचाभाकर | रात्री ११:२४
मंग! अन् थे बी खिडकीपाशी बसून.

जंपर | ६ जुलै, सकाळी ७:१५
सोनंभाऊ, तुमचे प्रश्न दोन आहेत आणि दोन्हींची कारणं वेगळी असू शकतात. एक, आकडा २६.४ च्या वर जात नाही. दोन, मधेच गोठतं. आधी दुसरं घ्या, ते घरात बसून आणि बिनपैशात तपासता येतं.

गोठणं म्हणजे बहुधा रिट्रेन. लाइनवर खरखर वाढली की दोन्ही टोकांचे मोडेम डेटा थांबवून पुन्हा एकमेकांना मोजतात. तेवढा वेळ बाइटही जात नाही. विंडोज दाखवतं तो आकडा जोडणीच्या क्षणाचा असतो, नंतर वेग पडला तरी तो तसाच राहतो. म्हणून त्या चित्रावर विसंबू नका.

१. नेट बंद करा. अ‍ॅक्सेसरीज, कम्युनिकेशन्स, हायपरटर्मिनल. 'कनेक्ट युजिंग'मध्ये मोडेमचं नाव न निवडता थेट कॉम पोर्ट निवडा (आतल्या मोडेमला बहुतेक कॉम३). नाव निवडलं तर विंडोज मोडेमला आधी रीसेट करतं आणि मागच्या जोडणीची माहिती पुसली जाते.

२. एटी&व्ही१ टाइप करून एंटर. कोनेक्झंट चिप मागच्या जोडणीचा पंचनामा देते: शेवटचा वेग, सर्वोच्च वेग, प्रोटोकॉल, कॉम्प्रेशन, लाइन क्वालिटी, काही मोडेममध्ये रिट्रेनची संख्याही. ल्युसेंट-अ‍ॅगिअर चिप असलेल्यांनी एटीआय११ द्यावं.

३. फोन उचला, कुठलाही एक आकडा दाबा. डायलटोन थांबेल. आता नुसतं ऐका. पूर्ण शांत असेल तर लाइन बरी. घुंऽऽ असा सलग आवाज म्हणजे विजेच्या तारेचा ५० हर्ट्झ, याचा अर्थ जोडीतली एक तार कुठेतरी ओलीत जमिनीला टेकते आहे. कडकड आवाज म्हणजे सैल किंवा गंजलेला जॉइंट. बारीक टिक-टिक असेल तर मला सांगा.

४. लाइन जिथे घरात शिरते त्या रोझेटलाच (भिंतीवरच्या फोनच्या डबीलाच) मोडेम जोडा. बाकी सगळं काढा: पॅरलल फोन, कॉलर आयडीची डबी, एक्स्टेन्शन. फरक पडला तर दोष घरच्या वायरिंगमध्ये आहे, आणि मग पाचशेही लागणार नाहीत.

रोझेट ते कॉम्प्युटर चपटी वायर असेल तर ती दोन मीटरच्या आत ठेवा. चपट्या वायरीत तारा समांतर जातात आणि पिळलेल्या नसल्याने घरातली सगळी गुणगुण उचलतात. लांब जायचं असेल तर पीळ दिलेली टेलिफोन जोडी घ्या. कॅट ५ चा तुकडा मिळाला तर त्यातली एकच जोडी, म्हणजे निळी आणि निळी-पांढरी, वापरा. निळी एका जोडीतली आणि नारिंगी दुसऱ्या जोडीतली असं केलं तर पीळ असून नसल्यासारखाच.

कोरडवाहू | सकाळी ८:०२
मल्टिमीटर असेल तर आणखी एक. फोन ठेवलेला असताना दोन तारांत ४८ ते ५० व्होल्ट डीसी दिसायला हवेत, उचलल्यावर साधारण ६ ते १०. मग एकेक तार जमिनीत ठोकलेल्या सळईच्या संदर्भात मोजा. एक जवळपास शून्य, दुसरी ४८ च्या आसपास असली पाहिजे. शून्यवाली तार १५-२० दाखवत असेल तर कुठेतरी गळती आहे. पावसाळ्यात हे हमखास होतं, कारण उन्हाळ्यात ४५ डिग्रीत ड्रॉप वायरचं (खांबावरून घरात येणाऱ्या तारेचं) वरचं प्लास्टिक तडकलेलं असतं आणि पहिल्या झडीत पाणी आत.

बेल वाजताना हात लावू नका. ७५ व्होल्ट एसी असतो, चांगला झटका बसतो.

पांढरंसोनं | रात्री ९:३०
जंपरभाऊ, सगळं काढून थेट रोझेटला लावलं. गोठणं कमी झालं पण गेलं नाही. एटी&व्ही१ मध्ये सर्वोच्च वेग २६४००, शेवटचा २१६००. मीटरवर ठेवलेल्या फोनला ४१ व्होल्ट. आणि आवाज ऐकला तर सेकंदा-सव्वा सेकंदाला टिक… टिक… टिक. रात्री जास्त स्पष्ट.

ठेचाभाकर | रात्री ९:३४
घड्याळ भिताडावर हाये का लाइनमदी?

मेळघाटी | रात्री ९:५१
झटका मशीन! शेताच्या कुंपणाला रानडुकरांसाठी लावतात ते. सेकंदाला साधारण एक स्पंद सोडतं आणि जवळून फोनची तार समांतर गेली असेल तर प्रत्येक स्पंद लाइनवर उमटतो. रात्री चालू ठेवतात म्हणून रात्री स्पष्ट.

जंपर | रात्री १०:१०
मेळघाटींनी बरोबर ओळखलं, मलाही तीच शंका होती. बोलताना टिक-टिक जाणवतही नाही, पण मोडेमसाठी प्रत्येक टिक म्हणजे खराब झालेल्या डेटाची एक चिळकांडी. व्ही.४२ (मोडेमची चूक दुरुस्त करायची पद्धत) तो भाग पुन्हा मागवतो, वेग घटतो. फार झालं की रिट्रेन.

कुंपणवाल्या शेजाऱ्याशी भांडू नका, त्याच्या फायद्याचं बोला. टिक मोठी येते ती बहुतेक कुंपणातून वीज गळत असल्याने. तारेला गवत टेकलेलं, इन्सुलेटर फुटलेला, कुठे ठिणगी उडते आहे. हे नीट केलं की कुंपणाचा झटका वाढतो आणि फोनवरचा आवाज कमी होतो. रात्री अंधारात कुंपणाच्या बाजूने चालत गेलं तर ठिणग्या दिसतात आणि ऐकूही येतात. मशीनची अर्थिंगची सळई फोनच्या अर्थिंगपासून निदान दहा मीटर लांब हवी, आणि कुंपणाची तार फोनच्या तारेला समांतर न जाता शक्यतो काटकोनात ओलांडावी. कुंपणाला थेट घरची वीज जोडलेली दिसली तर मात्र नेट विसरा आणि आधी ते बंद करायला लावा. ते बेकायदेशीर आहे आणि माणसं मरतात.

ते ४१ व्होल्ट लक्षात ठेवा. त्यावर नंतर बोलू.

फुकटफौजदार | ७ जुलै, सकाळी ९:१२
माझं २० टक्के गेलं, ठीक. पण एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी, बाइटमध्ये) १५०० वरून ५७६ केलं तर खराब लाइनवर फायदा होतो, हे तरी मान्य करा. लहान पॅकेट खराब झालं तर कमी परत पाठवावं लागतं.

बाइटभर | सकाळी ९:४०
तर्क बरा आहे, जागा चुकली. चुकलेला डेटा मोडेमच परत मागवतो, व्ही.४२ च्या छोट्या तुकड्यांत. टीसीपीच्या पॅकेटपर्यंत चूक सहसा पोचतच नाही. म्हणजे खरखरीसाठी एमटीयू बदलून काही साधत नाही.

फायदा दुसरीकडे आहे. १५०० बाइटचं पॅकेट २६.४ वर जायला ०.४५ सेकंद लागतात, ५७६ चं ०.१७. मागे डाउनलोड चालू असताना पुढे पान उघडत असाल तर ५७६ ने थोडं चपळ वाटतं. बदल्यात ४० बाइटच्या शीर्षकाचा वाटा २.७ वरून ७ टक्क्यांवर जातो, म्हणून डायलअपच्या टीसीपी/आयपी सेटिंगमध्ये 'आयपी हेडर कॉम्प्रेशन' चालूच ठेवा. नुसतं डाउनलोड करायचं तर १५०० च बरं.

फुकटफौजदार | सकाळी ९:४३
म्हणजे अर्धा गुण माझा.

वैनगंगा | दुपारी २:२०
लाइन सुधारेल तेव्हा सुधारेल. ३ केबीत बसवायचं काय हेही महत्त्वाचं, आणि इथे पैसा अजिबात लागत नाही.

चित्रं बंद. ऑपेरात त्यासाठी बटणच आहे: सगळी चित्रं, फक्त कॅशमधली (आधी उतरून डिस्कवर साठलेली), किंवा एकही नाही. 'फक्त कॅशमधली' ठेवा. एखादं हवंच असेल तर त्यावर राइट क्लिक करून तेवढंच आणा. फायरफॉक्सवाल्यांनी फ्लॅशब्लॉक आणि अ‍ॅडब्लॉक प्लस टाकावं. वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर बातम्यांपेक्षा नाचणाऱ्या जाहिरातींचं वजन जास्त असतं.

कॅश २०० एमबीपर्यंत वाढवा. डिस्क स्वस्त आहे, लाइन महाग आहे.

जीमेल 'बेसिक एचटीएमएल'मध्ये उघडा. त्याहून बरं, पीओपी चालू करून आउटलुक एक्सप्रेसमध्ये घ्या. जोडा, उतरवा, तोडा, मग निवांत वाचा. उत्तरं ऑफलाइन लिहून आउटबॉक्समध्ये ठेवा. ५० केबीपेक्षा मोठा मेल सर्व्हरवरच राहू द्यायचा नियमही तिथे लावता येतो, म्हणजे कुणी लग्नाचे फोटो पाठवले तर तासभर अडकून पडायला होत नाही.

नुसता मजकूर हवा असेल तर गुगलची मोबाइलसाठीची ट्रान्सकोडर सेवा पीसीवरही चालते. पान सोलून लहान तुकड्यांत देते.

आणि ऑटोमॅटिक अपडेट 'फक्त कळवा' वर ठेवा. एक्सपीचा नुकताच आलेला सर्व्हिस पॅक ३ चा पूर्ण संच ३१६ एमबीचा आहे. २६.४ वर न थांबता २९ तास! ऑटोमॅटिक अपडेटने त्यातला लागेल तेवढाच भाग येतो, पण तोही मागून गुपचूप उतरत असेल तर तुमच्या ब्राउझरला उरणार काय? असल्या गोष्टींसाठी ठेचाभाऊंची एसटी.

ठेचाभाकर | दुपारी २:३१
पाहा, शेवटी समदे यष्टीवरच येतेत.

कोरडवाहू | दुपारी ३:०५
मराठी पानं जड असतात असं ऐकलं. खरं का? की आपल्याच नशिबी?

बाइटभर | संध्याकाळी ६:१८
अर्धं खरं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, इंग्रजीला एक. 'यवतमाळ' या शब्दाला १८ बाइट. पण त्या तीनपैकी पहिले दोन बाइट पुन्हापुन्हा तेच येत असल्याने मजकूर दाबला की फार छान दाबला जातो. सर्व्हर जीझिप करून पाठवत असेल तर फरक बराच भरून निघतो. करत नसेल तर मोडेममधलं व्ही.४२बिस ते काम करतं. म्हणून मोडेम प्रॉपर्टीजमधलं 'डेटा कॉम्प्रेशन' बंद करू नका आणि पोर्टचा वेग ११५२०० ठेवा. पोर्ट ३८४०० वर असेल तर दाबलेला मजकूर उलगडून कॉम्प्युटरला द्यायला जागाच उरत नाही.

पीडीएफ, झिप, जेपेग आधीच दाबलेले असतात, त्यांना काही फरक पडत नाही. वेग मोजायचा तर झिप फाइल उतरवूनच मोजा. साध्या मजकुरावर मोजला तर कॉम्प्रेशनमुळे आकडा फुगून दिसतो आणि उगाच आनंद होतो.

मेळघाटी | संध्याकाळी ६:४०
लोडशेडिंगचंही धरा. मोठी पीडीएफ ब्राउझरने उतरवू नका. फ्री डाउनलोड मॅनेजर किंवा डब्ल्यूगेट (मायनस सी लावून) वापरा, म्हणजे वीज गेली तरी अर्धवट फाइल तिथूनच पुढे चालू होते. सर्व्हरने परवानगी दिली तरच हं, काही सरकारी सर्व्हर पहिल्यापासूनच सुरू करतात. ८ एमबीला २६.४ वर साधारण ४५ मिनिटं लागतात. यूपीएस दहा-पंधरा मिनिटांचा, त्यामुळे वेळापत्रक पाहून बसा.

वैनगंगा | संध्याकाळी ७:०५
बाहेरचा सिरियल मोडेम घेतला तर? आतले मोडेम स्वस्तातले, सगळं काम प्रोसेसरवर ढकलतात म्हणे.

कोरडवाहू | संध्याकाळी ७:३०
हो, आतले बहुतेक सॉफ्टमोडेम. पेंटियम ३ ला ते झेपतं, अँटिव्हायरस स्कॅन चालू असेल तेव्हाच अडखळतं. सेलेरॉन ३३३ सारख्या मशीनवर मात्र बाहेरच्याने फरक पडतो. खराब लाइनही बाहेरचे जरा जास्त सहन करतात. पण हजार-दीड हजाराच्या घरात जातं, धाग्याच्या बजेटबाहेर. जुना मिळाला तर अ‍ॅडाप्टरवरचं वाचून घ्या. कित्येकांना ९ व्होल्ट एसी लागतो. दुकानदार ९ व्होल्ट डीसीचा हातात ठेवतो आणि मग 'मोडेमच खराब' म्हणून मोकळा होतो.

वादळात फोनची पिन आणि विजेची पिन, दोन्ही काढा. नुसता स्विच बंद करून मोडेम वाचत नाही, वीज फोनच्या तारेने येते.

जंपर | ८ जुलै, सकाळी ७:००
आता त्या २६.४ कडे. आधी थोडं मूळ. ५६के चालायचं असेल तर एक्सचेंजपासून घरापर्यंत अ‍ॅनालॉग-डिजिटल रूपांतर एकदाच व्हायला हवं. ते दुसऱ्यांदा कुठे झालं की व्ही.९० (५६केची पद्धत) लागतच नाही, मोडेम व्ही.३४ या जुन्या पद्धतीवर उतरतो. व्ही.३४ ची मर्यादा ३३.६, पण त्या दुहेरी रूपांतराने होणाऱ्या आवाजामुळे २६.४ किंवा २८.८ लाच थांबतो. नुसती खरखर असती तर आकडा रोज बदलला असता: आज ३१.२, उद्या २४, पावसात १९.२. तुमचा वर्षभर २६.४ वर खिळलेला असेल तर मध्ये पेअर गेन असण्याची दाट शक्यता आहे. केबलमध्ये जोड्या कमी पडल्या की एकाच तांब्याच्या जोडीवर दोन फोन चालवायची ती पेटी. बोलायला उत्तम, मोडेमला विष. ठेवलेल्या फोनवर ४८ ऐवजी ४१ व्होल्ट, हेही त्याच्याशी जुळतं. पेटीचं टोक लाइनला बरेचदा कमी व्होल्ट देतं.

तसं असेल तर कुठलीही कमांड ही कमाल मर्यादा वाढवू शकत नाही. लाइन स्थिर मात्र करता येईल. फोन अँड मोडेम ऑप्शन्स, मोडेमची प्रॉपर्टीज, अ‍ॅडव्हान्स्ड, तिथल्या एक्स्ट्रा कमांडच्या चौकटीत (अर्थात इंग्रजी अक्षरांत):

एटी+एमएस=व्ही३४,१,०,२४०००,०,२४०००

म्हणजे व्ही.९० शोधण्यात वेळ घालवू नको आणि २४ च्या वर जाऊ नको. त्यापुढे अर्धविराम (;) देऊन एस१०=५० जोडा. क्षणभर सिग्नल गेला तर फोन ठेवण्याआधी मोडेम ५ सेकंद थांबेल, मूळ सेटिंग १.४ सेकंद असते. २५५ करू नका, समोरून कटलं तरी मोडेम लाइन धरून बसेल.

बाइटभर | सकाळी ७:४५
२६.४ वरून २४ म्हणजे ९ टक्के सोडले. एक रिट्रेन साधारण १० सेकंद खातं. दोन मिनिटांतून एकदा गोठत असेल तर बरोबरी, त्याहून जास्त वेळा तर २४ फायद्याचं, त्याहून कमी तर २६.४ च राहू द्या.

मेळघाटी | सकाळी ८:३०
तांब्याचा नाद सोडून डब्ल्यूएलएलचा (बिनतारी फोनचा) पर्याय पाहिला का? सीडीएमए फोन असेल तर डेटा केबलने #७७७ लावून जोडता येतं. कागदावर १४४, हातात त्याच्या निम्म्याच्या आसपास, सिग्नल असेल तिथे. केबलचा खर्च बजेटमध्ये बसतो. आधी शेजाऱ्याच्या फोनवर दांड्या किती दिसतात तेवढं बघून घ्या.

पांढरंसोनं | १० जुलै, रात्री १०:१५
कुंपणाखालचं गवत काढलं, दोन इन्सुलेटर बदलले. टिक-टिक आता कान देऊन ऐकली तरच येते. २४ वर बांधल्यावर गोठणं जवळजवळ बंद. झिपवर मोजला तर २.८ केबी स्थिर. चित्रं बंद केल्यावर बाजारभावाचं पान पूर्वीच्या चौथाई वेळात. लाइनमनला विचारलं, खांबावर पेटी आहे म्हणाला, आमचा आणि पोस्टाजवळच्या दुकानाचा फोन एकाच जोडीवर. डब्ल्यूएलएलची एकच दांडी, तीही गच्चीवर. आता पेटी काढायला १९८ वर तक्रार करू का?

जंपर | रात्री १०:४०
१९८ वर नको. तिथे 'फोन चालू आहे ना?' विचारतील आणि तक्रार बंद होईल, कारण बोलणं व्यवस्थित होतंय. लेखी अर्ज तालुक्याच्या उपविभागीय अभियंत्याला द्या. 'नेट हळू' असं लिहू नका. असं लिहा: 'माझ्या दूरध्वनीवर पेअर गेन यंत्रणा असल्याने डायलअप मोडेम व्ही.३४ च्या वर जोडला जात नाही. माझी लाइन पेअर गेनवरून काढून स्वतंत्र तांब्याच्या जोडीवर द्यावी. डीपीमध्ये मोकळी जोडी नसल्यास तसे लेखी कळवावे.' खाली फोन नंबर, आणि लाइनमनकडून विचारून पिलर (रस्त्याकडेची केबलपेटी) आणि डीपीचा (घराजवळची तारा वाटायची डबी) क्रमांक. क्रमांक असला की अर्ज बाजूला पडत नाही, कारण कुणाला कुठे चढायचं ते कागदावरच असतं.

मोकळी जोडी असेल तर काम एका जंपरचं (जोडतारेचं) आहे. मिळाली की ती एमएसची ओळ आधी काढून टाका, नाहीतर चांगल्या जोडीवरही मोडेम २४ लाच बसून राहील.

ठेचाभाकर | रात्री १०:४४
अन् अर्जाची पोच शिक्क्यासकट घ्या बाप्पा. यष्टीनं जा, थे दुपारी जेवाले जातेत, सकाळच्या गाडीनं.